धूर, वारा आणि चार मालजहाजं

२२ मार्च १९४२ ला, सिर्तेच्या दुसऱ्या लढाईत, ब्रिटिशांच्या पंधराव्या क्रूझर स्क्वाड्रनने (क्रूझर म्हणजे मध्यम आकाराचं, वेगवान लढाऊ जहाज) माल्टाला निघालेली चार मालजहाजं इटालियन ताफ्यापासून राखली. तिचं ते काम समजून घ्यायचं असेल तर आधी १९४२ च्या मार्चमध्ये तिच्या पाठीशी कोण उरलं होतं ते पाहावं लागतं. भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश आरमाराची तेव्हा दैना झाली होती. १४ नोव्हेंबर १९४१ ला विमानवाहू 'आर्क रॉयल' बुडाली. २५ नोव्हेंबरला युद्धनौका, म्हणजे सगळ्यात मोठ्या तोफांचं चिलखती जहाज, 'बारहॅम' एका जर्मन पाणबुडीने टिपली. डिसेंबरच्या मध्यावर क्रूझर 'गॅलटीआ' अलेक्झांड्रियाच्या दाराशी गेली. १९ डिसेंबरच्या पहाटे तर एकाच वेळी दोन घाव बसले. ट्रिपोलीजवळच्या सुरुंगांत 'नेपच्यून' सापडली आणि तिच्यावरचा एकच माणूस वाचला. इकडे अलेक्झांड्रियाच्या बंदरात सहा इटालियन पाणबुडे पाणतीरांवर (टॉर्पेडोंवर) स्वार होऊन शिरले आणि 'क्वीन एलिझाबेथ' व 'व्हॅलियंट' या दोन्ही युद्धनौका जायबंदी करून ठेवल्या. पाच आठवड्यांत हा सगळा प्रकार झाला. मोठ्या तोफांचं एकही जहाज सरसेनापती कनिंगहॅम यांच्या हाताशी राहिलं नाही.

उरली ती हलक्या क्रूझरची एक तुकडी. रिअर ॲडमिरल फिलिप व्हायन तिचे प्रमुख होते. ११ मार्च १९४२ ला त्यांचं स्वतःचं निशाणजहाज 'नायाड' यू-५६५ या जर्मन पाणबुडीने बुडवलं, तेव्हा व्हायन पाण्यातून वाचले आणि निशाण 'क्लिओपात्रा'वर चढलं. तिचे कप्तान गाय ग्रॅन्थम हेही नायाडवरूनच आले होते. जोडीला 'डायडो' आणि 'युरायलस' होत्या. बस्स, एवढंच भांडवल. पुढे अकरा दिवसांनी याच जहाजांना 'लित्तोरिओ' या इटालियन युद्धनौकेला सामोरं जायचं होतं.

ही जहाजं मुळात कशासाठी बांधली होती ते पाहिलं की गोष्टीतली अवघड जागा कळते. डायडो वर्गाच्या क्रूझर साडेपाच हजार टनांच्या आसपासच्या, जेमतेम १५६ मीटर लांब, बत्तीस नॉटचा (ताशी बत्तीस सागरी मैलांचा) वेग. त्यांच्यावर सव्वापाच इंची तोफांचे जोडटरेट (दोन तोफांचे फिरते बुरूज), पूर्ण संच असेल तर पाच, म्हणजे दहा तोफा. त्यातले तीन पुढच्या बाजूला जिन्यासारखे एकावर एक चढवलेले, त्यामुळे ब्रिजही, म्हणजे जहाज चालवायची जागाही, उंच. या तोफा सत्तर अंशांपर्यंत वर व्हायच्या, कारण विमानं आणि जहाजं दोन्हींवर मारा करता यावा अशी कल्पना होती. कागदावर ती उत्तम होती. प्रत्यक्षात गोळा भरायचा म्हणजे छत्तीस किलोंचं धूड, त्याचं काडतूस वेगळं, आणि टरेटमध्ये जागा अडचणीची. मिनिटाला दहा-बारा बार निघतील असं गणित होतं. लढाईत सात-आठ निघाले तरी पुष्कळ. विमानावर रोखायला टरेट हवा तेवढा चपळ फिरत नसे. पहिल्या काही जहाजांत तर खवळलेल्या समुद्रात नाळेकडचा भाग लवून पुढचे टरेट अडकायच्या तक्रारी होत्या. शिवाय याच तोफा नव्या मोठ्या युद्धनौकांनाही लागत असल्याने टंचाई अशी, की डायडो स्वतः चारच टरेट घेऊन आरमारात दाखल झाली होती.

चिलखत विचाराल तर बाजूला तीन इंच, डेकवर एक इंच. विनाशिकेचा गोळा अडेल, क्रूझरचा अडेलच असं नाही, आणि युद्धनौकेच्या गोळ्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. लित्तोरिओवर पंधरा इंची नऊ तोफा होत्या. तिचा एक गोळा ८८५ किलोंचा. नऊ तोफा एकदम डागल्या की जवळजवळ आठ टन पोलाद हवेत. क्लिओपात्राच्या दहाही तोफांचा एकत्र मारा ३६० किलोंच्या घरात. म्हणजे लित्तोरिओचा एक गोळा क्लिओपात्राच्या दोन पूर्ण माऱ्यांहून जड. या फरकाकडे बघून कोणीही शहाणा माणूस समोरासमोर तोफा झाडायचा विचार करणार नाही. व्हायन यांनीही केला नाही.

मग समोर जायचंच कशाला? माल्टासाठी. सिसिलीच्या दक्षिणेला असलेल्या त्या खडकाळ बेटावरून ब्रिटिश विमानं आणि पाणबुड्या इटलीहून लिबियाला जाणारी रसद तोडत. आफ्रिकेतला जर्मन सेनापती रोमेल याच्या रणगाड्यांचं इंधन, दारूगोळा, पाव सगळं त्या वाटेने जायचं. माल्टाचा गळा आवळला की रोमेलचा गळा मोकळा. हे समीकरण आपल्याकडच्याही कित्येक घरांपर्यंत पोचतं: पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण त्याच वाळवंटात होती, आणि जूनमध्ये रोमेलने लिबियातल्या तोब्रुकवर आग्नेयेकडून हल्ला चढवला तेव्हा पहिला तडाखा बसलेल्या भागात तीच पलटण होती. समुद्रात कोणतं मालजहाज पोचलं आणि कोणतं बुडालं याचा हिशेब असा शेवटी खंदकातल्या माणसाच्या अंगावर येतो.

जानेवारी-फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्य लिबियातल्या गझालापर्यंत मागे रेटलं गेलं. त्याबरोबर सायरेनेकाचे, म्हणजे पूर्व लिबियातले, विमानतळ गेले, आणि अलेक्झांड्रिया ते माल्टा या आठशेवीस सागरी मैलांच्या वाटेवर डोक्यावर आपली विमानं राहिली नाहीत. उत्तरेला क्रीट शत्रूचं, दक्षिणेला आफ्रिकेचा किनारा शत्रूचा. या पट्ट्याला खलाशी 'बॉम्ब गल्ली' म्हणत. फेब्रुवारीतला काफिला याच गल्लीत संपला. दोन जहाजं गेली, तिसरं 'क्लॅन कॅम्पबेल' जखमी होऊन तोब्रुकला वळलं. एकही माल्टाला पोचलं नाही. तेच क्लॅन कॅम्पबेल मार्चच्या काफिल्यातही होतं. सोबत आरमाराचं रसदजहाज 'ब्रेकनशायर', 'पाम्पास', आणि नॉर्वेचं 'टालाबोट'. चारही मिळून सुमारे सव्वीस हजार टन माल. अन्न, दारूगोळा, आणि ब्रेकनशायरच्या पोटात पाच हजार टन इंधन तेल.

२० मार्चच्या सकाळी काफिला निघाला, संध्याकाळी व्हायन. त्या दिवशीच हंट वर्गाची विनाशिका 'हेथ्रॉप' पाणबुडीने बुडवली. २२ मार्चला सकाळी माल्टाहून 'पेनेलोपी' ही क्रूझर आणि 'लीजन' ही विनाशिका येऊन मिळाल्या. पण त्याआधीच पहाटे पाचच्या सुमारास बातमी आली होती: इटलीच्या तारांतो बंदराबाहेर टेहळणी करणाऱ्या पी-३६ या पाणबुडीला मध्यरात्रीनंतर मोठी जहाजं बाहेर पडताना दिसली होती. व्हायन यांनी वेळेचं गणित मांडलं. दुपार कलेपर्यंत गाठ पडणार.

माझ्या मते या माणसाची खरी हुशारी लढाईआधीच्या तयारीत आहे. शत्रू आला तर काय करायचं हे त्यांनी आधीच कप्तानांशी बोलून ठरवलं होतं आणि वाटेत त्याची तालीमही केली होती. लढाईत लांबलचक हुकूम पाठवायला वेळ नसतो, निशाणं धुरात दिसत नाहीत. म्हणून लढाऊ जहाजांचे सहा गट पाडले. पहिल्या गटात 'जर्व्हिस'सह चार विनाशिका. दुसऱ्यात डायडो, पेनेलोपी आणि लीजन. तिसऱ्यात 'झुलू' आणि 'हेस्टी'. चौथ्यात क्लिओपात्रा आणि युरायलस. पाचव्यात 'शीख', 'लाइव्हली', 'हीरो', 'हॅवॉक'. सहाव्या गटात जुनी विमानविरोधी क्रूझर 'कार्लाइल' आणि एक हंट विनाशिका. त्यांचं काम काफिल्याच्या मागून आडवा धूर सोडायचा. बाकीच्या पाच हंट विनाशिका मालजहाजांना चिकटून राहून विमानांना तोंड देणार. इशारा मिळताच पाच गटांनी काफिल्यापासून सुटून शत्रूच्या दिशेने जायचं, मधल्या पाण्यात धुराचा पडदा उभा करायचा, आणि काफिल्याने शत्रूला पाठ करून दक्षिणेकडे सटकायचं. प्रत्येक गटप्रमुखाला पुढचं स्वतः ठरवायची मोकळीक.

धुराविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्या दिवशी पंधराव्या स्क्वाड्रनची मुख्य ढाल तीच होती.

जहाजावर धूर दोन तऱ्हांनी करत. पहिला धुराड्यातून. बॉयलरच्या भट्टीत तेलाचा फवारा जळत असतो, त्याला पंख्यांनी हवा पुरवलेली असते. एरवी बॉयलरवाल्याची सगळी धडपड धूर होऊ नये म्हणून, कारण धूर दिसला की जहाज क्षितिजापलीकडूनही सापडतं. धूर हवा असेल तेव्हा याच्या उलट: तेल वाढवायचं आणि हवा तोडायची. वात फार वर केलेला कंदील जशी काजळी धरतो तसं होतं. अर्धवट जळलेलं तेल दाट, काळं, तेलकट होऊन धुराड्यातून बाहेर पडतं आणि जड असल्यामुळे पाण्यालगत लोळत राहतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. काजळी बॉयलरच्या नळ्यांवर बसते, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, वाफ पडते. नेमका जेव्हा पूर्ण वेग हवा असतो तेव्हाच इंजिनाचा दम कमी होऊ लागतो. मग वाफेच्या झोताने नळ्या झाडून घ्याव्या लागतात. त्यामुळे कोणत्या बॉयलरने धूर करायचा, कोणत्याने वेग राखायचा, याची वाटणी खाली इंजिनखोलीत सतत चाललेली असते. वर लढाई चालू असताना खालच्या माणसांना काहीच दिसत नाही. त्यांना फक्त घंटा ऐकू येते आणि हादरे जाणवतात.

दुसरा धूर रासायनिक. पिछाडीला बसवलेल्या टाक्यांतून क्लोरोसल्फोनिक आम्ल फवारायचं. दमट हवेशी गाठ पडताच त्याचं पांढरं, दाट धुकं होतं. हा धूर काळ्यापेक्षा चांगला झाकतो आणि बॉयलरला त्रास देत नाही. मात्र आम्ल ते आम्लच. तोटी गळली, वारा फिरला, तर अंगावर भाजतं, डोळे-घसा जाळतं, रंग आणि धातू खातं. पुरवठाही टाकीएवढाच, संपलं की संपलं. म्हणून दोन्ही धूर मिसळून वापरत.

आणि दोन्ही धूर वाऱ्याच्या मर्जीतले. वारा पडलेला असेल तर धूर जहाजाच्या मागे बारीक शेपटीसारखा राहतो, आडवा पसरत नाही. वारा चुकीच्या बाजूने असेल तर तो आपल्याच तोंडावर येतो. फार जोराचा असेल तर फाटून जातो. २२ मार्चला वारा आग्नेयेचा, पंचवीस नॉटच्या आसपास आणि वाढता होता. इटालियन उत्तरेच्या बाजूने आले. म्हणजे ब्रिटिश जहाजं वाऱ्याच्या वरच्या अंगाला (वारा येतो त्या बाजूला), शत्रू खालच्या अंगाला. सोडलेला धूर आपोआप शत्रूच्या तोंडावर चालत जात होता. शिडांच्या काळात कप्तान ज्या वरच्या अंगासाठी दिवसभर झगडत, ते व्हायन यांना बॉयलरच्या जमान्यात उपयोगी पडलं. एवढ्या वाऱ्यातही तो धूर टिकला, कारण हवा दमट होती आणि जहाजं एकाच पट्ट्यावरून परत परत फिरून नवा थर चढवत होती.

दुपारी दोन वाजून गेल्यावर युरायलसला उत्तरेकडे आधी धूर आणि मग जहाजं दिसली. ती 'गोरित्सिया', 'त्रेंतो' या आठ इंची तोफांच्या क्रूझर आणि सहा इंची तोफांची 'बान्दे नेरे'. इशारा मिळाला आणि गट सुटले. उत्तरेकडे मुसंडी, मग पूर्वेला वळून पडदा. इटालियन क्रूझरनी लांबून गोळे टाकले आणि थोड्या वेळाने वळून दूर गेल्या. ब्रिटिशांना मागे ओढून लित्तोरिओच्या तोंडी द्यावं हा त्यांचा बेत. व्हायन पाठलागाला गेले नाहीत. काफिल्यापाशी परतले. तिकडे दिवसभर जर्मन आणि इटालियन विमानं काफिल्यावर तुटून पडत होती. हंट विनाशिकांनी इतका दारूगोळा उडवला होता की पुढच्या दिवसाला काय उरणार हीच काळजी. पण त्या दिवशी एकाही मालजहाजाला विमानं बुडवू शकली नाहीत.

साडेचार वाजून गेले आणि इटालियन परत आले, या वेळी लित्तोरिओसकट. ॲडमिरल अँजेलो याकिनो स्वतः तिच्यावर होते. इथून पुढचे सव्वादोन तास नकाशावर मांडायला बसलं की धुरामुळे नकाशाही गढूळ होतो. दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळत नाहीत, आणि ते साहजिक आहे. जहाज धुरातून बाहेर यायचं, समोर धूसर आकृती दिसायची, दोन-चार फैरी झाडून परत आत. आपला गोळा कुठे पडला हे दिसल्याशिवाय नेम सुधारता येत नाही. वीस किलोमीटरवर पंधरा इंची गोळ्याला पोचायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्या वेळात लक्ष्य धुरात गडप. उसळणारं पाणी दूरमापक यंत्रांच्या भिंगांवर येत होतं. ब्रिटिश विनाशिकांचे तर लाटेत शिरल्यावर पुढचे तोफची चिंब व्हायचे. इटालियनांना वारा, तुषार आणि धूर सगळं तोंडावर. लित्तोरिओने त्या संध्याकाळी मोठ्या तोफांचे १८१ गोळे उडवले. कोणतंही जहाज त्यांनी जागच्या जागी बुडवलं नाही.

पण झळ बसली. चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी बान्दे नेरेचा सहा इंची गोळा क्लिओपात्राच्या ब्रिजच्या मागच्या भागावर पडला, पंधरा-सोळा माणसं ठार झाली. निशाणजहाजाचा ब्रिज म्हणजे सगळ्या लढाईचं डोकं. काही फूट पुढे पडला असता तर व्हायनच गेले असते. पाठोपाठ युरायलसच्या आसपास पंधरा इंची गोळे फुटून तिच्यावर कपच्यांचा वर्षाव झाला.

पाचच्या सुमारास व्हायन यांनी एक निर्णय घेतला, ज्यावर आजही वाद घालता येईल. शत्रूची काही जहाजं दिसेनाशी झाली होती. ती पूर्वेकडून वळसा घालून वाऱ्याच्या वरच्या अंगाला येत असली तर? तिथून त्यांना काफिला स्वच्छ दिसला असता, धुराचा उपयोग शून्य. म्हणून ते क्रूझर घेऊन पूर्वेकडे बघायला गेले. तिथे कोणी नव्हतं. याकिनो पश्चिमेकडून, म्हणजे खालच्या अंगानेच, काफिला आणि माल्टा यांच्यामध्ये घुसायला बघत होते. त्या दारावर कॅप्टन मिकलथवेट यांचा शीखचा गट तेवढा उरला होता. चारांपैकी हॅवॉक पंधरा इंची गोळ्याच्या जवळच्या स्फोटाने जखमी होऊन काफिल्याकडे गेली. राहिल्या तीन विनाशिका. समोर लित्तोरिओ. अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्या तिघींनी ती वाट अडवून धरली. धूर सोडत, बाहेर येऊन तोफा झाडत, शीखने तर दोन पाणतीर सोडले ते लागावेत म्हणून कमी आणि लित्तोरिओने वळावं म्हणून जास्त. या लढाईतला सगळ्यात अवघड अर्धा तास हाच, आणि तो स्क्वाड्रनच्या प्रमुखाच्या गैरहजेरीत एका विनाशिकेच्या कप्तानाने निभावला. आधीच ठरवून दिलेल्या मोकळिकीचा अर्थ इथे कळतो. हुकूम यायची वाट बघत बसायची रीत असती तर काफिला गेलाच होता.

सहा वाजता व्हायन परतले. क्लिओपात्राने पाणतीर सोडले, लित्तोरिओ वळली. मग साडेसहानंतर जर्व्हिसच्या कॅप्टन पोलंड यांनी पाच विनाशिका रांगेत घेऊन थेट युद्धनौकेकडे धाव घेतली, साडेपाच किलोमीटरपर्यंत. पाणतीर सोडायला जहाजाला बाजू वळवावी लागते, आणि त्या क्षणी ते सगळ्यात मोठं लक्ष्य असतं. नेमकं तेव्हाच 'किंग्स्टन'वर गोळा पडला, पंधरा माणसं गेली. पाचही जणींनी मिळून पंचवीस पाणतीर सोडले. एकही लागला नाही. तरी काम झालं. पाणतीरांच्या माळेसमोर युद्धनौकेला तोंड फिरवावंच लागतं. दिवस मावळत होता. सातच्या आत याकिनो उत्तरेला वळले ते परत आले नाहीत.

याकिनोंना भित्रं ठरवून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. जवळजवळ एक वर्षापूर्वी, मार्च १९४१ च्या शेवटी, ग्रीसजवळच्या मातापानच्या लढाईच्या रात्री हाच माणूस प्रमुख होता. तेव्हा अंधारात रडारवाल्या ब्रिटिश ताफ्याने 'झारा', 'पोला', 'फ्यूमे' या त्याच्या तीन जड क्रूझर संपवल्या. गोरित्सिया ही त्या वर्गातली उरलेली एकुलती एक बहीण. त्याच्या जहाजांकडे अजूनही रडार नव्हतं, रात्रीच्या लढाईची तयारी नव्हती, आणि धुरापलीकडे पाणतीर घेऊन कोण उभं आहे ते दिसत नव्हतं. पूर्वेकडून वळसा घेतला असता तर धूर निष्प्रभ झाला असता हे खरं. पण त्यात उसळत्या समुद्राला तोंड देत जावं लागलं असतं, वेळ गेला असता, आणि तेवढ्यात काफिला पश्चिमेकडे निसटला असता. त्या समुद्राची ताकद किती होती याचा पुरावा दुसऱ्या दिवशी मिळाला. परतीच्या वाटेवर 'शिरोको' आणि 'लान्चेरे' या इटालियन विनाशिका वादळात बुडाल्या, मोजकी माणसं वाचली. लढाईत एकही जहाज न गमावलेल्या ताफ्याची दोन जहाजं हवामानाने घेतली.

समुद्रावरचा विजय ब्रिटिशांचा झाला, यात शंका नाही. तीन-चार हलक्या क्रूझर आणि मूठभर विनाशिकांनी एका युद्धनौकेला काफिल्यापासून दूर ठेवलं. पण हिशेब टनांत मांडायचा तर तो वेगळा निघतो.

काफिला दुपारपासून दक्षिणेकडे आणि नैर्ऋत्येकडे ढकलला गेला होता, म्हणजे माल्टाच्या वाटेपासून बाजूला. मूळ बेत २३ मार्चला उजाडता उजाडता बंदरात शिरायचा. ते तास गेले. संध्याकाळी मालजहाजांना फोडून ज्याने त्याने आपापल्या वेगाने माल्टा गाठायचं ठरलं. क्लॅन कॅम्पबेल सगळ्यात मंद. व्हायन यांच्याजवळ इंधन आणि दारूगोळा दोन्ही कमी. माल्टात त्यांना द्यायला तेल नव्हतं, म्हणून वादळातून अलेक्झांड्रियाला परतणं भाग होतं. सकाळी टालाबोट आणि पाम्पास ग्रँड हार्बरमध्ये शिरली, लोक तटांवर उभे राहून ओरडत होते. ब्रेकनशायर फक्त आठ मैलांवर असताना बॉम्ब बसून बंद पडलं. क्लॅन कॅम्पबेल वीस मैलांवर बुडालं. वीस मैल म्हणजे त्या जहाजाच्या चालीने दीड तास. धुराने वाचवलेली जहाजं वळशात खर्ची पडलेल्या तासांनी घालवली.

ब्रेकनशायरला ओढून आणायचे प्रयत्न लाटांपुढे फसले. तिच्या राखणीत 'साउथवोल्ड' सुरुंगावर गेली. शेवटी तिला मार्साश्लोकच्या उपसागरात आणलं, तिथे पुन्हा बॉम्ब पडले आणि २७ मार्चला ती कलंडली. नंतर तिच्या कुशीला भोक पाडून थोडंफार तेल पंपाने काढून घेतलं.

आणि मग सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग. टालाबोट आणि पाम्पास बंदरात पोचूनही तीन दिवस माल पुरेशा वेगाने उतरला नाही. पडाव कमी, हमाल कमी, हल्ल्याचा भोंगा झाला की काम बंद, रात्रपाळीचा नीट बंदोबस्त नाही, आणि बंदरावर धूर सोडायची सोय नाही. २६ मार्चला दोन्ही जहाजांवर बॉम्ब पडले. टालाबोटच्या पोटात दारूगोळा. आग तिथवर गेली असती तर बंदरच उडालं असतं, म्हणून तिला जागीच बुडवावं लागलं. लीजनही त्याच दिवशी गेली. सव्वीस हजार टनांपैकी हाताला लागले पाच हजारांहून थोडे कमी. समुद्रात एवढी अक्कल आणि एवढी माणसं खर्च करून धक्क्यावर हे व्हावं, याचा राग आज वाचतानाही येतो.

धडा मात्र लगेच घेतला गेला. १० मे १९४२ ला सुरुंगपेरणी करणारं वेगवान 'वेल्शमन' दारूगोळा आणि धुराच्या नळकांड्या घेऊन आलं, तेव्हा बंदरावर धूर धरला, सैनिक हमालीला लावले, आणि काही तासांत जहाज रिकामं केलं.

पंधराव्या स्क्वाड्रनला मात्र तो डाव पुन्हा खेळता आला नाही. जूनमध्ये पूर्वेकडच्या बंदरांतून अकरा मालजहाजांचा काफिला निघाला. व्हायन क्लिओपात्रावरच होते. किनाऱ्यावरून हुकूम देणारे सरसेनापती आता हेन्री हारवूड, प्लेट नदीच्या लढाईतले. समोर इटालियनांच्या दोन युद्धनौका. मार्चमधल्या तीन गोष्टी यावेळी नव्हत्या: आग्नेयेचा सोसाट्याचा वारा, लवकर मावळणारा दिवस, आणि भरलेली कोठारं. जूनच्या लांबलचक उजेडात, शांत समुद्रावर धूर तासन् तास धरून ठेवणं हलक्या क्रूझरना झेपणारं नव्हतं, आणि दारूगोळा विमानांवरच बराचसा उडून गेला होता. पुढे जा, मागे फिरा असे उलटसुलट हुकूम येत राहिले आणि शेवटी काफिला परत फिरला. त्यातलं एकही जहाज माल्टाला पोचलं नाही. त्या आठवड्यात पोचली ती जिब्राल्टरकडून आलेली 'ट्रॉयलस' आणि 'ओरारी' एवढी दोनच. परतीच्या वाटेवर १६ जूनला यू-२०५ ने स्क्वाड्रनची 'हर्मायनी' बुडवली. २१ तारखेला तोब्रुक पडलं.

माल्टाची कोंडी सैल व्हायला ऑगस्ट उजाडावा लागला, आणि तेव्हा काफिला पश्चिमेकडून आला. त्याच्या जवळच्या संरक्षणाचं निशाणजहाज होतं दहाव्या क्रूझर स्क्वाड्रनचं 'नायजेरिया'. १२ ऑगस्टला 'अक्सुम' या इटालियन पाणबुडीचा पाणतीर तिला लागला, तरी ती वाचली आणि जिब्राल्टरला परतली. हेच जहाज १९५४ मध्ये भारताने विकत घेतलं आणि १९५७ मध्ये ते 'आयएनएस मैसूर' म्हणून नौदलात दाखल झालं. १९७१ च्या युद्धात पश्चिमी ताफ्याचं निशाण त्याच जहाजावर होतं.